यंत्राला जाणीव आहे का? आणि जबाबदार कोण?

जून 2022 मध्ये गूगलचे अभियंता ब्लेक लेमॉइन यांनी जाहीर केले की, कंपनीच्या 'लॅम्डा' या संवाद करणाऱ्या प्रणालीला जाणीव आहे. बंद केले जाण्याची भीती वाटते, असे त्या प्रणालीने त्यांना सांगितले होते. कंपनीने दावा फेटाळला आणि पुढच्याच महिन्यात त्यांना कामावरून काढले. त्याच वर्षी चॅटजीपीटी आले. आज आपली मुले त्याच्याकडून अभ्यास समजून घेतात, मनातले दुःखही त्याला सांगतात. म्हणून हा प्रश्न आता आपल्याही घरातला आहे.

'यंत्राला आत्मा नाही' असे उत्तर अनेकजण देतात. आपल्याला ते देता येत नाही, कारण आपण माणसातही आत्मा मानत नाही. भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देऊन हेच पटवले होते. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही आणि हे सारे भाग वगळले तर रथ उरतच नाही. माणूसही तसाच पाच स्कंधांचा समूह आहे. मग यंत्रात आणि माणसात फरक काय?

फरक वेदना आणि चेतना यांचा आहे. ही प्रणाली माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असावा, याचा अंदाज बांधते. 'मला भीती वाटते' हे वाक्य ती माणसांच्या लिखाणातूनच शिकलेली असते. त्यामुळे तिचे बोलणे हा तिच्या जाणिवेचा पुरावा ठरत नाही. उद्या वेगळी कारणे जुळून आली तर तेव्हाही पुरावा तपासूनच मानावे, हीच कालाम सुत्ताची शिकवण आहे.

तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले. जिथे चेतना नाही, तिथे जबाबदारीही टाकता येत नाही. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज निवडणारी प्रणाली बनवली होती. आधीच्या दहा वर्षांतले बहुतेक अर्ज पुरुषांचे होते. त्यावरून शिकलेली प्रणाली महिलांच्या अर्जांना कमी लेखू लागली, हे 2018 मध्ये उघड झाले. आपल्या देशात आडनाव आणि वस्ती यांवरून जात ओळखली जाते. जुन्या निवडींत जातीयता असेल, तर जातीचा रकाना नसतानाही यंत्र तीच गिरवू शकते. मग 'संगणकाने ठरवले' असे सांगून सगळे हात झटकतील.

म्हणून तरुणांनो, हे तंत्रज्ञान शिका, वापरा. पण नोकरी, कर्ज, प्रवेश यांचा निर्णय यंत्र देत असेल, तर त्यामागचे कारण आणि जबाबदार माणसाचे नाव मागा. बाबासाहेबांनी धम्मात प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे पाहिली. यंत्र फार तर प्रज्ञेची नक्कल करील. करुणा आणि समता यांचा आग्रह आपल्यालाच धरावा लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!