आम्हाला यंदा ज्वालामुखी आलाय!

महाराष्ट्रातले ज्वालामुखी सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाले, असं भूगर्भशास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगतात. या मंडळींची मुलं बहुधा शाळेत जात नसावीत. दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली रे संपली, की या राज्यात ज्वालामुखी फुटू लागतात. बदलापूरला फुटतात, बार्शीला फुटतात, एकेका शाळेत चार-चार फुटतात. उंची दीड फूट, अंगावर तपकिरी पोस्टर कलर, पोटात शीतपेयाची रिकामी बाटली आणि बाटलीत खायचा सोडा. वरून व्हिनेगर ओतलं की फस्सकन लाल फेस येतो, आयांचे मोबाइल वर होतात आणि विज्ञान प्रदर्शनाचं उद्‌घाटन झालं असं जाहीर होतं.

"आम्हाला यंदा ज्वालामुखी आलाय," असं एक गृहस्थ मला लिफ्टमध्ये म्हणाले. घरात गोवर आल्याच्या सुरात. बोटांना फेव्हिकॉल लागलेला, डोळे जागरणाने लाल. ज्याला ज्वालामुखी आला होता तो चिरंजीव शेजारी उभा राहून शांतपणे बिस्किट खात होता. त्याला या प्रकरणाची फारशी झळ लागलेली दिसली नाही.

"आणि मागच्या वर्षी?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी सोपं होतं हो. रेन वॉटर हार्वेस्टिंग. धाकटीच्या वेळेला तेच पुन्हा रंगवून देणार आहे."

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे बंद करा. प्रदर्शन नव्हे. मॉडेल बंद करा. शाळेत नेऊन मांडायची, रंगवलेली, दिवे लागणारी, बापाने केलेली किंवा दुकानातून खोक्यात आणलेली ती वस्तू कायद्याने बंद करा. हे मी चिडून म्हणतोय असं वाटेल. वाटू दे.

मला हे बोलायचा अधिकार आहे, कारण आमच्या भागातल्या शाळा मला परीक्षक म्हणून बोलावतात. माझी पात्रता म्हणजे जुनीपुराणी भौतिकशास्त्रातली बी.एस्सी. आणि शाळेपासून चालत सात मिनिटांवर असलेलं घर. यातली दुसरी जास्त महत्त्वाची, रिक्षाचे पैसे वाचतात. अशी नऊ-दहा प्रदर्शनं मी पाहिली आहेत. सिरिंजवर चालणारी जेसीबी पाहिली. कोणी जवळ आलं की टपकन झाकण उघडणारी कचऱ्याची पेटी पाहिली. एका वर्षी तर एका रांगेत तीन. परीक्षक पुढे सरकले तशा तिघींनी एकामागून एक तोंडं उघडली. 'पर्यावरण वाचवा' या विषयावर थर्माकोलचं अख्खं गाव पाहिलं. २०१८ साली राज्य सरकारने थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली तेव्हा मला उगीचच आशा वाटली होती. पण पर्यावरणवाले हुशार. त्यांनी सनबोर्ड आणला. तोही प्लॅस्टिकच.

मॉडेलशेजारी एक मूल उभं असतं. त्याला एक भाषण पाठ करून दिलेलं असतं. "नमस्कार! आदरणीय परीक्षक महोदय, माझ्या उपकरणाचे नाव आहे..." इथपासून "धन्यवाद!" इथपर्यंत ते एका दमात वाहत येतं. मधे अडवण्याचा क्रूरपणा करू नये. मी एकदा धरणाच्या मॉडेलपाशी विचारलं, "बाळ, हे पाणी वर कोण नेतं?" मुलगा थांबला, पांढरा पडला आणि पुन्हा "नमस्कार! आदरणीय परीक्षक महोदय" पासून सुरू झाला. टेबलाखाली माशांच्या टाकीतला पंप घुरघुरत होता. म्हणजे वीज खाऊन पाणी वर चढवायचं, ते खाली पाडायचं आणि त्यातून वीज तयार होते म्हणून एक बारकासा दिवा लावायचा. यात वीज मिळते जास्त की लागते जास्त, हा प्रश्न सातवीच्या मुलाला सहज पडू शकतो. पण त्याला भाषण पाठ करायचं होतं, वेळ कुठे होता?

बरं, त्या ज्वालामुखीत तरी काय आहे? सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. हे उत्तम रसायनशास्त्र आहे, ढोकळा त्याच्याच चुलतभावावर फुगतो. पण खऱ्या ज्वालामुखीच्या पोटात व्हिनेगर नसतं. तिथे वितळलेला खडक असतो, त्यात दाबाखाली वायू विरघळलेले असतात आणि दाब उतरला की ते बाहेर उसळतात. सोड्याची बाटली हलवून उघडली तरी याच्याजवळ जास्त जाता येईल. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाच्याच थरांवर बसलेला आहे. सह्याद्री त्याचा, वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्यात कोरलेली, शाळेच्या आवाराच्या भिंतीला लावलेला काळा दगड बहुधा त्याचाच. हा लाव्हा काही दीड फुटी शंकूतून कारंज्यासारखा उडाला नव्हता. बराचसा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणजे पायाखालच्या खऱ्या लाव्हावर टेबल मांडून त्यावर आपण जपानी चित्रातला डोंगर ठेवतो आणि त्याला पहिलं बक्षीस देतो. त्या मुलाला कोणी भिंतीकडे बोट दाखवून "हा दगड कुठून आला रे?" असं विचारलेलं नसतं.

आता खरं दुखणं सांगतो.

गेल्या प्रदर्शनात जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी सातवीतल्या एका मुलीचं टेबल होतं. टेबलावर दोन माठ, एक थर्मामीटर आणि एक दोनशे पानी वही. रंग नाही, दिवा नाही, "नमस्कार" नाही. आजी म्हणते जुन्या माठातलं पाणी जास्त गार, आई म्हणते नव्या. भांडण रोजचं. म्हणून तिने एकाच कुंभाराचे, एकाच मापाचे दोन माठ घेतले, एक मागच्या उन्हाळ्यातला आणि एक नवा. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर बाईंकडून मागून आणला आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात रोज दुपारी चारला दोन्हींतलं पाणी आणि खोलीतली हवा मोजली. सव्वीस दिवस.

आई जिंकली. हवा चौतीस असताना नव्या माठात अठ्ठावीस, जुन्यात तीस. "जुन्याची भोकं क्षारांनी बुजत असतील," ती म्हणाली. "असतील" म्हणाली, "आहेत" नव्हे. मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. पण तिच्या वहीत चार दिवस असे होते, की दोन्ही माठ सारखेच आणि हवेपेक्षा जेमतेम अर्ध्या अंशाने गार. त्या ओळींभोवती तिने पेन्सिलीने चौकट केली होती आणि पुढे लिहिलं होतं : 'का? परतीचा पाऊस होता.'

पुढचे परीक्षक आले. त्यांनी माठात डोकावून पाहिलं.

"मॉडेल कुठाय?"

"हेच आहे, सर."

"आणि हे चार दिवस चुकलेत ना? मग ते फेअर करताना काढून टाकायचे!"

मुलीने वही जवळ ओढून घेतली. "चुकले नाहीत, सर. तसंच होतं."

आम्ही तिघे परीक्षक. गुणपत्रकात 'सादरीकरण'ला रकाना होता, 'आकर्षकता'ला होता, 'समाजोपयोगिता'ला होता. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला रकाना नव्हता. मी तिला पहिला क्रमांक दिला, बाकी दोघांनी तिला अकरावी आणि चौदावी ठेवलं. मी भांडलो. पावसाळी हवेत आधीच ओल असली की माठाच्या अंगावरचं पाणी उडत नाही आणि पाणी उडालं नाही तर गारवा कुठून येणार, हे त्या चार ओळींत आहे, असं ओरडून सांगितलं. "ते पुस्तकात आहेच की," असं उत्तर मिळालं. बरोबर आहे. पुस्तकात ज्वालामुखीही आहे.

१८८७ साली अमेरिकेत मायकेल्सन आणि मॉर्ली या दोघांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी फरशीवर आरसे मांडून प्रकाशाच्या वेगातला एक फरक मोजायला घेतला. त्या काळच्या पुस्तकांप्रमाणे ईथर नावाच्या अदृश्य पदार्थामुळे तो पडायलाच हवा होता. पुरेसा फरक काही सापडेना. हा निकाल त्यांनी तसाच छापला आणि पुढच्या भौतिकशास्त्रात त्यावरून केवढं रामायण झालं ते जगाला ठाऊक आहे. आमच्या प्रदर्शनात पाऱ्यावरची फरशी बघून त्यांना सादरीकरणाचे आठ गुण मिळाले असते आणि "फेअर करताना दुरुस्त करा" असा शेरा.

याला नेहमीचा एक बचाव असतो : "अहो, पण त्यानिमित्ताने मुलांना चार लोकांत बोलायची सवय होते." त्यासाठी स्नेहसंमेलन आहे. तिथे बालगंधर्व करा, शिवाजी करा. दुसरा बचाव आईबापांचा : "आम्ही फक्त मदत करतो." मग उघडपणे करा ना. पालकांसाठी वेगळं प्रदर्शन भरवा, 'वडील गट' आणि 'आई गट' असे दोन विभाग ठेवा, चषक द्या. माझी ना नाही. त्या लिफ्टमधल्या गृहस्थांचा डोंगर खरोखरच देखणा होता. मुलांच्या टेबलावर मात्र फक्त वही ठेवा. काय माहीत नव्हतं, काय करून पाहिलं, काय निघालं आणि काय अजून कळलं नाही. खोडलेलं असेल तर खोडलेलंच. सामान हवंच असेल तर अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन काय काय करून दाखवलंय ते बघा. त्यात आर्दुइनोचं खोकं परवडणारा आणि न परवडणारा एकाच रांगेत बसतो. आज ते दोघे एका रांगेत नसतात. एक दाराशी असतो, एक जिन्याखाली.

बक्षीस समारंभ झाला. लाल फेसाला टाळ्या मिळाल्या. मी जिन्याखाली गेलो तर ती मुलगी माठ पोत्यात गुंडाळत होती. वाईट वगैरे वाटलेलं दिसलं नाही. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो, तेवढ्यात तिनेच विचारलं,

"सर, तुमच्याकडे थर्मामीटर आहे? मला हवेतली ओल मोजायचीय. एका थर्मामीटरला ओली चिंधी बांधायची, एक कोरडा ठेवायचा. शाळेत एकच आहे."

मी उत्साहाने म्हटलं, "आहे की, घरी आहे. ताप बघायचा."

"तो नको, सर," ती पोतं बांधता बांधता म्हणाली. "तो पस्तीसपासूनच सुरू होतो."