भुतं शोधणाऱ्यांनो, आधी माणसं मोजा

आमच्या मीरा-भाईंदरमध्ये कुणी जरा विचित्र वागलं की लगेच कुणीतरी बोलतंच, "याला ठाण्याला पाठवा रे!" ठाण्याला म्हणजे कुठे, हे विचारावं लागत नाही. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षं झाली, तरी आपल्यासाठी तो एक टोमणाच आहे.

आता त्यात नवीन फॅड आलंय. कुठलंही पडकं मनोरुग्णालय दिसलं की रात्री टॉर्च घेऊन आत घुसायचं, गंजलेल्या खाटा दाखवायच्या, मागे भेसूर संगीत लावायचं. की झालं रीळ तयार! लाखो लोक बघतात, खाली हसण्याच्या इमोजी. अरे बाबांनो, त्या खाटेवर कुणाची तरी आई झोपत होती. तिला भूत करून तुम्ही लाईक कमावताय.

आणि खरी भीती वाटायला हवी ती ओसाड वॉर्डची नाही, भरलेल्या वॉर्डची. डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयासमोर आलं की ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार सरकारी मनोरुग्णालयांत शेकडो माणसं दहा-दहा वर्षांहून जास्त काळ पडून आहेत. त्यातली कित्येक घरी जाण्याइतकी बरी आहेत. न्यायला कुणी येत नाही, एवढंच.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ वाचा. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. अशा माणसांसाठी समाजातच राहण्याची सोय, हाफवे होम वगैरे, उभी करायची किंवा तिला मदत द्यायची जबाबदारी सरकारची. आपल्याकडे मात्र जी कारणं कायद्याने बाद केली, त्याच कारणांवर माणसांची आयुष्यं आत संपतायत.

आता जमिनीचं बघा. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवीन रेल्वे स्टेशन होणार, त्यासाठी याच मनोरुग्णालयाची सुमारे १५ एकर जागा द्यायला उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वाट मोकळी केली. स्टेशनला माझा विरोध नाही. ठाणे स्टेशनवर संध्याकाळी जो चेंगरतो, त्याला स्टेशन हवंच. पण या जागेवर एकरांचा हिशोब जेवढा झाला, तेवढा माणसांचा झाला का?

इटलीने १९७८ साली कायदा करून मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. ट्रिएस्ते शहरातल्या मनोरुग्णालयाच्या आवारात आज गुलाबाची बाग आहे, विद्यापीठाचे विभाग आहेत. कुणीही फिरायला जातं. कारण तिथे आधी वस्त्यावस्त्यांत चोवीस तासांची केंद्रं उघडली, माणसं बाहेर आणली, मग मनोरुग्णालय बंद केलं. आपल्याकडे उलटी गंगा: आधी जागा मोकळी करा, माणसांचं नंतर बघू.

कुणी म्हणेल, हा ठाण्याचा विषय, आपल्याला काय त्याचं? भाऊ, आपल्याच जिल्ह्याचं मनोरुग्णालय आहे ते. घोडबंदर रोडने तिकडे नेलेलं माणूस आपल्याच चाळीतलं, आपल्याच सोसायटीतलं असतं. ते बरं झालं तर परत येऊन राहणार कुठे? मेट्रो, पाणी, नालेसफाई यावर आम्ही पत्रकार रकाने भरतो, नगरसेवक भाषणं ठोकतात. पण मीरा-भाईंदरमध्ये एक हाफवे होम हवं, असं प्रचारसभेत कुणी बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणून मागणी साधी आहे. बऱ्या झालेल्या रुग्णांची संख्या, नावं न देता, दर तीन महिन्यांनी जाहीर करा. प्रत्येक महापालिकेने आपल्या हद्दीत हाफवे होमसाठी जागा द्यावी, सुरुवात आपल्यापासून. आणि मत मागायला दारात येईल त्याला एकच विचारा: साहेब, बरं झालेलं माणूस राहणार कुठे?