मुक्या माराला कागदावर जागा द्या

माननीय श्री. नितीन गडकरी, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री. माननीय केंद्रीय आरोग्य मंत्री. आणि दिल्ली, गाझियाबाद, गौतम बुद्ध नगर, गुरुग्राम व फरिदाबाद इथले पोलीस आयुक्त यांस,



गडकरी साहेब, हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ती आपल्या घरची भाषा आहे आणि मला जे सांगायचं आहे त्याला मराठीत नेमका शब्द आहे: मुका मार. रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, वरून अंग धडधाकट, आणि आत मात्र लागलेलं. झाडावरून पडलेल्या पोराला जवळ घेऊन आजी आधी तेच चाचपायची. इकडे दिल्लीत त्याला 'गुम चोट' म्हणतात. दोन्ही भाषांतल्या साध्या माणसांना ही गोष्ट ठाऊक आहे. आपल्या खात्यांच्या कागदांत मात्र तिला जागा नाही, आणि त्यापायी माझ्या घरात काय झालं ते आधी सांगते.

आम्ही गाझियाबादच्या वैशालीत राहतो. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना, राष्ट्रीय महामार्ग ९ वर अक्षरधामच्या पुढे, माझ्या पतींच्या स्कूटरला मागून आलेल्या गाडीने उडवलं. हेल्मेट होतं. पडले आणि स्वतःच उठून बसले. तिथल्या एका मुलाने त्यांच्या फोनवरून मला कळवलं, "भाईसाब ठीक हैं, बस कोहनी छिल गई है." त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही. त्यानेच त्यांना रुग्णालयात नेलं, माझ्या हाती सोपवलं आणि मगच गेला.

रुग्णालयात हाताचा एक्स-रे झाला, कोपराला चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी नाव विचारलं, त्यांनी बरोबर सांगितलं. कागदावर लिहून मिळालं, 'जीसीएस १५/१५'. पोलिसांसाठीच्या वैद्यकीय कागदावर, म्हणजे एमएलसीवर, इजेच्या प्रकारासमोर एकच शब्द होता: 'सिंपल'. तासाभरात आम्ही ऑटोत बसलो.

ऑटो सुरू झाली तसं त्यांनी विचारलं, "स्कूटर कुठंय?" मी म्हटलं, चौकीत ठेवलीय. दोन मिनिटांनी पुन्हा, "अगं, स्कूटर कुठंय?" पुन्हा सांगितलं. घर येईपर्यंत हा प्रश्न त्यांनी सात-आठ वेळा विचारला, दर वेळी पहिल्यांदाच विचारतोय अशा चेहऱ्याने. त्यांना धडक आठवत नव्हती. ऑफिसातून निघाल्याचंही आठवत नव्हतं, आणि निघून तर धडकेच्या वेळी पाऊण तास होऊन गेला होता. मी समजले, घाबरलेत. रात्री हळदीचं दूध दिलं आणि झोपवलं.

पुढच्या आठवड्यात मी गॅसवर दूध ठेवून खाली भाजी घ्यायला उतरले. वर आले तर जिन्यातच जळका वास. दूध उतू जाऊन करपलं होतं, पातेल्याचं बूड काळं पडलं होतं, खोलीभर धूर होता. आणि हे ओट्यापासून चार हातांवर खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी ओरडले, "वास नाही आला?" त्यांनी मान वर करून विचारलं, "कसला?"

तो एक शब्द तेव्हा मला कळायला हवा होता. कळला नाही. मग कुकरच्या शिटीने चिडणं सुरू झालं. ट्यूबलाइट लावली की डोळे मिटून घ्यायचे. अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहिणारा माणूस बेरजेत चुकू लागला, बोलता बोलता साधा शब्द सापडेना झाला. ज्यांनी कधी आवाज चढवला नाही, त्यांनी मुलीवर रिमोट फेकून मारला आणि नंतर बाथरूमचं दार लावून रडले. सासरच्यांनी वयावर ढकललं, ऑफिसने दुर्लक्षावर. सातव्या आठवड्यात एका मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांचा पहिला प्रश्न होता, "वास येतो का?" एमआरआयमध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागल्याचं दिसलं.

त्या डॉक्टरांनी जे समजावलं ते मला पहिल्या रात्री कुणी सांगितलं असतं, तर सात आठवडे मी त्यांच्याशी भांडले नसते. मेंदू मऊ असतो, कवटीच्या आत पाण्यात तरंगत असतो. गाडी आदळते, डोकं थांबतं, मेंदू थांबत नाही. तो पुढे आपटतो, मागे येतो, पिळवटतो. कपाळामागे कवटीचा तळ खडबडीत आहे, त्यावर मेंदूचा पुढचा भाग घासला जातो. राग आवरणं, काम आखणं, तोल राखून बोलणं हे सगळं त्या भागाकडे. वासाचे केसासारखे तंतू नाकाच्या छतातल्या बारीक छिद्रांतून तिथेच वर जातात. त्या घासण्यात तेही तुटतात. हेल्मेटने त्यांची कवटी आणि जीव वाचवला, याबद्दल मला शंका नाही. २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्त्यावर मरण पावले हा आपल्याच मंत्रालयाचा आकडा आहे. पण हेल्मेट घातलेल्याचा मेंदू आत हलतच नाही असं नाही.

आणि ते १५ पैकी १५. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही जीसीएस मोजणी बसवली: डोळे उघडण्याला चार गुण, बोलण्याला पाच, हालचालीला सहा. माणूस किती शुद्धीत आहे ते तिने कळतं. पूर्ण गुण मिळाले म्हणजे मेंदू शाबूत, असं ती मोजणी कुठेच म्हणत नाही. म्हणून तर २००१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी अशा वरवर बऱ्या दिसणाऱ्या रुग्णांसाठी वेगळा नियम काढला. शुद्ध हरपली होती किंवा अपघात आठवत नाही अशा माणसाला दोनदा उलटी झाली, वय पासष्ट किंवा त्याहून जास्त असलं, दोन तासांनंतरही गुण पंधरावर आले नाहीत, किंवा धडकेआधीची तीस मिनिटं किंवा त्याहून जास्त काळ पुसला गेला, यातलं एक असलं तरी सीटी स्कॅनचा विचार करायचा. माझ्या पतींची पाऊण तासाची आठवण गेली होती. ते कळायला यंत्र लागत नव्हतं. "शेवटचं काय आठवतं?" एवढं विचारायचं होतं. त्या रात्री तो प्रश्न रस्त्यावर, चौकीत, रुग्णालयात कुणीच विचारला नाही, आणि मीही विचारला नाही.

साहेब, ३ जून २०१४ ची सकाळ आपण विसरला नसाल. गोपीनाथराव मुंडे केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. याच दिल्लीत, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, त्यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीने बाजूने धडक दिली. ते मागच्या सीटवर होते. अंगावर मोठी जखम दिसत नव्हती. त्यांना तातडीने एम्सच्या जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटरमध्ये नेलं आणि तरी तासाभरात सगळं संपलं. आत यकृत फाटलं होतं, मानेला जीवघेणी इजा झाली होती. ती डोक्याची इजा नव्हती हे मला माहीत आहे. तरीही त्या दिवशी परळीपासून दिल्लीपर्यंत प्रत्येक मराठी घरात एकच वाक्य होतं: वरून तर काहीच दिसत नव्हतं! त्या वाक्यातून मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा सुरू झाली, ते चांगलंच झालं. वरून न दिसणाऱ्या माराकडे बघायची सवय मात्र लागली नाही.

आता कागदांकडे येते. भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. हाड मोडणं किंवा निखळणं त्यात आहे, दात पडणं आहे. डोक्याचा उल्लेख आहे तो कायमच्या विद्रूपतेसाठी. मेंदूचं नाव नाही. आठव्या प्रकारात पंधरा दिवस नेहमीचे व्यवहार करता न येणं येतं, त्यात माझे पती बसतात, पण पंधरा दिवसांनी बघायला कोण येतं? शिक्का पहिल्या रात्रीच पडतो. माझ्या पतींचा दात पडला असता तर ते 'गंभीर' ठरले असते. बेरीज गेली, वास गेला, स्वभाव गेला, म्हणून ते 'सिंपल' राहिले.

आणि त्या एका शब्दावर पुढचं सगळं उभं राहतं. पोलिसांनी ४८ तासांत अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलला पहिला अहवाल द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर, हा नियम १ एप्रिल २०२२ पासून देशभर आहे. त्याचं मूळ दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशांत आहे आणि या व्यवस्थेने कित्येक घरांचे हेलपाटे वाचवलेत. पण पहिल्या अहवालात जे पडलं तेच सविस्तर अहवालात उतरतं. त्यातून दिल्ली परिसराची, म्हणजे एनसीआरची गंमत अशी की धडक दिल्लीच्या हद्दीत, उपचार उत्तर प्रदेशात. गंमत हा शब्द चुकला, माफ करा. तपास अधिकारी म्हणाले, रुग्णालयाकडून मत बदलून आणा. रुग्णालय म्हणालं, पोलिसांचं पत्र आणा. दिल्ली-गाझियाबादच्या सीमेवर मी हे तीन महिने केलं.

मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात त्या वर्षी १,६८,४९१ मृत्यू आणि ४,४३,३६६ जखमी नोंदले आहेत. त्या जखमींपैकी किती जणांच्या मेंदूला मार बसला हे त्यातून कळत नाही, कारण वर्गवारी गंभीर आणि किरकोळ अशी आहे. मृतांच्या आकड्यावर आपण जाहीरपणे हळहळलात, स्वतःच्या अपघाताबद्दलही बोललात, म्हणून आपल्याकडून अपेक्षा आहे. आपल्याच 'राह-वीर' योजनेत, जखमीला वेळेत पोहोचवणाऱ्याला पंचवीस हजार रुपये देताना, कोणता अपघात गंभीर मानायचा त्या यादीत मेंदूची इजा लिहिलेली आहे. म्हणजे आणणाऱ्याच्या बक्षिसासाठी मेंदू मोजला जातो. ज्याला आणलं त्याच्या नोंदीत तो का नसावा?

५ मे २०२५ पासून लागू झालेली विनारोकड उपचाराची योजना चांगली आहे. दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस. पण मेंदूचा मार सात दिवसांत हिशेब पुरा करत नाही. वयस्कर माणसाच्या डोक्यात, विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर, रक्त हळूहळू साठतं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चाल अडखळते, बोलणं जड होतं. घरचे म्हातारपण समजतात. आणि भरपाईच्या अर्जाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा सहा महिन्यांची मुदत आणली, तिला न्यायालयात आव्हानही मिळालं. आपल्याला नेमकं काय झालंय हे कळायलाच ज्याला चार महिने लागतात, त्याने त्या मुदतीत काय सिद्ध करायचं?

मला नवी इमारत नको, नवं महामंडळ नको. पोलिसांच्या पहिल्या अहवालात डोक्याच्या माराचा एक रकाना हवा, आणि त्याखाली बीट हवालदारालाही विचारता येतील असे प्रश्न: शेवटचं काय आठवतं, तोच प्रश्न परत परत विचारतोय का, उलटी झाली का, नाका-कानातून पाणी येतंय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. रुग्णालयातून घरी सोडताना सोप्या भाषेत छापलेला एक कागद हवा, तोही रुग्णाच्या हातात न देता सोबतच्या माणसाच्या हातात, कारण रुग्णाला तो आठवणार नाही. त्यावर लिहा की डोकेदुखी वाढली, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, झोपेतून उठवता येईना, तर तसंच परत आणा. आणि वास, झोप, राग, शब्द यांवर महिनाभर लक्ष ठेवा. 'सिंपल' हे मत डोक्याला धक्का बसलेल्याच्या बाबतीत सहा आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय पक्कं धरू नका. आरोग्य मंत्र्यांना वेगळी विनंती की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस आहेत, तिथे अपघाताने झालेली मेंदूची इजा स्वतःच्या नावाने यावी यासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाशी बोला. आज प्रमाणपत्र मागायला गेलं की खिडकीवर विचारतात, कोणत्या प्रकारात भरू?

माझे पती आता अर्धा दिवस कामावर जातात. मालक भला माणूस आहे, हलकं काम देतो. घरात गॅसगळती ओळखणारं यंत्र बसवलंय. दूध मी उतरवते. ते कधीकधी फोडणीजवळ येऊन उभे राहतात, मोहरी तडतडलेली ऐकतात आणि विचारतात, "हिंग घातलास का?"

त्यांची एमएलसी माझ्यासमोर टेबलावर आहे. शेजारी एमआरआयचा अहवाल आहे. पहिल्या कागदावरचा 'सिंपल' हा शब्द दुसरा कागद दाखवून बदलून घ्यायचा, तर दोन राज्यांतल्या नेमक्या कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचं, एवढं तरी आपल्यापैकी कुणी लेखी कळवावं.

आपली नम्र,
वैशाली, गाझियाबाद इथली एक रहिवासी