राखेच्या पाण्याची फिर्याद

१६ जुलै २०२२ रोजी नागपूरनजीक खसाळा येथे कोराडी औष्णिक विद्युत केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध मुसळधार पावसात फुटला आणि राखमिश्रित पाण्याचा लोंढा भोवतालच्या शेतांत व नाल्यांत उतरला. हे अरिष्ट अवचित कोसळले असे म्हणावयास आम्ही तयार नाही. आठच महिने आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, काही अभ्यासू संस्थांनी कोराडी व खापरखेडा केंद्रांच्या परिसरातील पाणी तपासून त्यात पारा, आर्सेनिक यांसारखी विषारी द्रव्ये आढळल्याचे प्रसिद्ध केले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नांदगावच्या राखतलावास भेट देऊन तेथे राख सोडणे थांबविण्यास सांगितले होते. म्हणजे हाकाटी झाली होती, ती मुंबईपर्यंत पोचलीही होती. परंतु ती पोचविण्यासाठी बाहेरच्या संस्थांना पदरमोड करावी लागली, हे कोणाचे भूषण?

वाशिमच्या वाचकास ही दूरची वार्ता वाटेल. आपल्या जिल्ह्यात औष्णिक केंद्र नाही हे खरे. परंतु पारस आपल्या शेजारीच आहे. किंबहुना १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा होईपर्यंत पारस व वाशिम एकाच अकोला जिल्ह्यात नांदत होते. तेथे आज प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. पारसच्या केंद्रावर आमचा कोणताही आरोप नाही. आमचे म्हणणे एवढेच की, उद्या तेथील वा अन्य कोठल्या केंद्राचे पाणी नासले, तर नदीकाठच्या माणसाने कोणाचे दार ठोठवावे, हे आजच ठरलेले असावे. विजेचा उजेड आपल्याही घरी पडतो; तिच्या राखेकडे पाठ फिरविण्याचा अधिकार आपणांस नाही.

कोळशाची राख पाण्यात कालवून नळांवाटे तलावात सोडतात. राख तळाशी बसते आणि वरचे पाणी पुन्हा वापरावयाचे असते. ते बाहेर सोडलेच, तर लिटरमागे १०० मिलिग्रॅमहून अधिक गाळ व २० मिलिग्रॅमहून अधिक तेल त्यात असता कामा नये, असा दंडक आहे. हे मोजतो कोण? मुख्यतः केंद्र स्वतःच. मोजमापाची यंत्रे केंद्राच्या आवारात, त्यांची निगा केंद्राकडे. आम्ही काही वर्षे शाळेत फळ्यापुढे काढली आहेत. विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी, ही सवलत आम्ही वर्गातल्या सर्वांत सालस मुलालाही दिली नसती.

१९७४ चा जलप्रदूषण कायदा वाचला म्हणजे मौज वाटते. अपघाताने घाण पाणी सुटल्यास केंद्राच्या प्रमुखाने प्रदूषण नियंत्रण मंडळास व नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांस तत्काळ कळवावे, असे एकतिसावे कलम सांगते. घागर घेऊन नदीवर गेलेल्या बाईस कळवावे, असे मात्र त्यात नाही. बरे, तिने आपण होऊन बाटलीभर काळे पाणी आणले तर? कायद्याच्या लेखी ग्राह्य नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, केंद्रास नोटीस देऊन, रीतसर मोहोरबंद केलेला असावा लागतो. रीत योग्यच आहे. उद्या कोणी खोटी बाटली आणील. परंतु पाणी काही अधिकाऱ्याची वाट पाहत थांबत नाही. रात्री दोन वाजता सोडलेले पाणी पहाटेपर्यंत कोसभर पुढे गेलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जीपगाडी येते ती स्वच्छ धारेचा नमुना घेऊन परत जाते. याला वरातीमागून घोडे म्हणतात. फिर्याद खोटी ठरते ती पुराव्याअभावी नव्हे, विलंबामुळे.

शिक्षेचे म्हणाल, तर पूर्वी कायद्यात दीड ते सहा वर्षांचा कारावास होता. २०२४ च्या दुरुस्तीने, ती जेथे लागू होईल तेथे, बहुतेक उल्लंघनांसाठी त्याऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. ५०० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला पाच लाख युनिट वीज काढते. युनिटला तीन रुपये धरले तरी पंधरा लाख ही त्याची एका तासाची कमाई! अशा दंडाचा धाक कोणास वाटावा?

तथापि नागरिकाच्या हाती काहीच नाही असे नव्हे. मंडळाने केंद्रास घातलेल्या अटींची नोंदवही त्या पाण्याशी संबंध असलेल्या कोणासही पाहता येते, आणि साठ दिवसांची सूचना देऊन कोणीही न्यायालयात फिर्याद नेऊ शकतो. खेड्यातल्या किती सरपंचांस हे ठाऊक आहे? मंडळाने ते मराठीत छापून ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लावावयास हवे होते.

मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय अकोल्यास आहे. तेथे रात्रीही तक्रार घेणारा माणूस असावा. तक्रार आली ती वेळ वहीत लिहावी, आणि तिच्याच शेजारी अधिकारी काठावर पोचला ती वेळ. केंद्राने एकतिसाव्या कलमाखाली दिलेली सूचना खालच्या गावांस त्याच तासात दवंडीने वा दूरध्वनीने कळावी. यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही. मंडळाने मनावर घेतले तर येत्या पावसाळ्यापूर्वी ही व्यवस्था उभी राहू शकेल.