पेटीवाल्या काकूंची कॅसेट

आमच्या भजनी मंडळात एक काकू होत्या. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सगळ्या जणी त्यांना पेटीवाल्या काकूच म्हणायच्या. काका भोसरीच्या एका कारखान्यात लागले तेव्हा, म्हणजे १९७८ साली, त्या जालन्याकडून ट्रकमध्ये संसार घालून इकडे आल्या. दोन ट्रंका, पत्र्याचं कपाट, पाटा-वरवंटा आणि गोधडीत गुंडाळलेली पेटी. सासूबाई म्हणाल्या होत्या, "कंपनीच्या गावात कुणाला वाजवून दाखवणारेस?" पण पेटी आली. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती निगडी, चिखली, आकुर्डी, चिंचवड अशी हरिपाठाला, हळदीकुंकवाला, बारशाला, दशक्रियेलासुद्धा फिरली.

गेल्या वर्षी काकू गेल्या. महिन्याभरानं त्यांच्या सुनेचा फोन आला, "ताई, आईंच्या कॅसेटची पिशवी आहे. भंगारवाला घेत नाही, फेकायला जीव होत नाही. तुम्ही नेता का?" मी नेली. घरी आणून पाहिलं तर चाळीसेक कॅसेटी. अर्ध्याअधिक भजनाच्या असतील असं मला वाटलं होतं. निघाल्या भलत्याच! गोविंदराव पटवर्धनांची पेटी, अप्पा जळगावकरांची पेटी, बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई, हरिप्रसादजींची बासरी. शब्द नसलेलं संगीत. इतकी वर्षं मी काकूंच्या शेजारी बसून टाळ वाजवले, पण त्या घरी हे ऐकतात हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कधी.

पिशवीत एक कॅसेट साधी, कोरी विकत घेतलेली. तिच्यावर काकूंच्या अक्षरात लिहिलेलं, "आकुर्डी, पालखीचा मुक्काम." भाच्याकडून जुना टेप आणून लावली. आधी खोकण्याचा आवाज, मग बांगड्यांचा, मग भात्याचा श्वास. आणि पेटी सुरू झाली. मागे कुणी गात नव्हतं, टाळ नव्हते. मंडळी जमायच्या आधी काकू एकट्याच वाजवत बसल्या होत्या. राग भीमपलास असावा. चार मिनिटं झाली असतील नसतील, खट्‌कन आवाज झाला आणि रेडिओवरचं कीर्तन सुरू झालं.

मी सुनेला विचारलं, हे कुणी पुसलं? तिला वाटलं मी रागावले. म्हणाली, "अहो, आईंनीच. नवी कॅसेट आणायची नव्हती. माझं काय ठेवायचंय, यावरच कीर्तन भरून घे म्हणाल्या."

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही. म्हणून आज हा विषय. खरं तर मी संगीतातली तज्ज्ञ नाही. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, गाण्याच्या दोन परीक्षा लग्नाआधी दिल्या, झालं. पण एक गोष्ट ठामपणे म्हणते : आपण बायका वाद्य ऐकतच नाही. आपला कान शब्दावर असतो. शब्द आले की गाणं सुरू झालं, शब्द थांबले की बोलायला मोकळ्या. पेटी म्हणजे सूर धरायला, सनई म्हणजे लग्नाला. आणि जी बाई पेटी वाजवते तिनं मागे बसायचं, "काळी चार" म्हटलं की काळी चार द्यायची, "जरा चढं होतंय गं" म्हटलं की उतरवायची. मागे एका मोठ्या कार्यक्रमाला आमच्या मंडळाला बोलावलं होतं. गाणाऱ्यांना तीन माईक. पेटीला माईक मागितला तर तिथला माणूस म्हणाला, "पेटीला कशाला? ऐकू येतंय की!" आम्ही नऊ जणींपैकी एकीनंही वाद घातला नाही. काकू तर हसल्याच.

पेटीची ही हेळसांड काही आजची नाही. हार्मोनियम मूळची परदेशी. फ्रान्समध्ये १८४२ साली तिचं पेटंट घेतलं गेलं. तिकडे ती पायानं भाता मारून वाजवायची. आपल्याकडे मांडी घालून बसायची पद्धत, म्हणून कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी एका हातानं भाता आणि दुसऱ्या हातानं पट्ट्या अशी सुटसुटीत पेटी बनवली. ती घराघरात गेली, देवळात गेली, संगीत नाटकात तर ऑर्गनच्या जोडीनं मानानं बसली. पण मोठ्या लोकांना ती खटके. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, सनई-बासरीतही ते जमतं. पेटीचे सूर मात्र जिन्याच्या पायऱ्यांसारखे, एक तर या पायरीवर नाही तर त्या. मधे काही नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नको असे. १९४० साली तर सरकारी रेडिओनं तिला चक्क बंदीच केली. ती १९७१ पर्यंत टिकली. स्वातंत्र्य आलं तरी उठली नाही. त्या काळात १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी खातं ज्यांच्याकडे होतं ते बा. वि. केसकर तर जन्मानं आपल्या पुण्याचे!

एकतीस वर्षं. म्हणजे आपल्या आई-आजीच्या ऐन संसाराची वर्षं. तेव्हा घरात संगीत यायचं ते रेडिओतून, आणि त्या रेडिओवर पेटीच नाही. तबकडी विकत घेणारं घर आळीत एखादंच. ज्या बाईच्या हातात सूर होता तिला दुसऱ्या कुणाची पेटी ऐकायची कुठे? देवळातल्या बुवांची, नाही तर नाटक कंपनी गावात आली तर.

आणि तरीही या वाद्याला मोठं करणारी माणसं आपल्याच मुलखात झाली. गोविंदराव टेंबे कोल्हापूरकडचे. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' चित्रपटात राजा हरिश्चंद्रही तेच. त्यांनी पेटी साथीच्या जागेवरून उचलून मैफलीच्या मध्यभागी ठेवली. मग पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर. त्यांच्या जुन्या तबकड्यांवर नाट्यपदं आहेत, फक्त पेटीवर. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. तेवढ्यात सगळं सांगायचं. ऐकून बघा, पायऱ्या कुठे गेल्या कळत नाही. बोट पट्टीवर पडतं न पडतं तोच पुढे सरकतं, भात्याचा दाब कमी-जास्त होतो आणि सूर घसरल्याचा भास होतो. जे वाद्यात नाहीच ते हातानं आणायचं! आहे त्या सामानात पुरणावरणाचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

गोविंदराव पटवर्धनांची कॅसेट मी आता रोज भाजी निवडताना लावते. मला ते नाट्यसंगीतात जास्त भावतात, छोटा गंधर्वांसारख्या गवयांना साथ करून तो ढंग हातात मुरलेला. अप्पा जळगावकर थोडे गंभीर वाटतात. पण ते जालन्याच्या भागातले, म्हणून काकू त्यांना "आमचे अप्पा" म्हणत असणार, अशी माझी खात्री आहे. पिशवीत त्यांच्या चार कॅसेटी आहेत!

या सगळ्यांत मला थांबवलं ते पंडित तुळशीदास बोरकरांच्या माहितीनं. पी. मधुकरांचे हे शिष्य, गोव्यातल्या बोरी गावचे. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचे पहिले सूर कुणी शिकवले? आईनं. जयश्रीबाईंनी. पुढच्या सगळ्या गुरूंच्या आधी आई. मुलाचं वादन आपण आज ऐकू शकतो, कितीही वेळा. जयश्रीबाईंचं मी खूप शोधलं, मला नाही मिळालं. "माझं काय ठेवायचंय" असं तेव्हाच्या बायकांना म्हणावंसुद्धा लागत नसेल. कुणी ठेवायला आलंच नसेल.

आता सनईकडे येते, कारण काकूंच्या पिशवीत तीही होती, आणि तिची अवस्था पेटीहून वाईट. बिस्मिल्ला खाँ आपल्या इतके कानावरून जातात की ते ऐकायचे असतात हेच विसरलोय. चाकण रस्त्यावरच्या कुठल्याही मंगल कार्यालयात जा, सकाळी सातला सनई सुरू, ती जेवणं उरकेपर्यंत. रिसेप्शनला संध्याकाळी पुन्हा तीच, सकाळचा तोडी राग लावून लोक आइस्क्रीम खातात. १५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर ज्यांची सनई वाजली, २००१ मध्ये ज्यांना भारतरत्न मिळालं, त्यांचं रेकॉर्डिंग आपण पंख्याच्या घरघरीसारखं वापरतो. त्यांची आणि आपले मराठी व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांची जुगलबंदी आहे. एकदा लग्न नसताना लावा. दोन म्हातारे मित्र पारावर बसून एकमेकांच्या बोलण्यात बोलणं मिसळतात, तसं वाटतं.

सनई आणि बासरीच्या बाबतीत आपल्या मुलींना आणखी एक अडचण. पेटी निदान बाईच्या हातात चालते. फुंकायचं वाद्य मात्र "मुलीच्या जातीला शोभत नाही." गाल फुगतात, तोंड वाकडं दिसतं, दम लागतो, पुढे बाळंतपणाला त्रास होतो. हे शेवटचं मला एका शिकलेल्या आजींनी सांगितलंय! अहो, चुलीपुढे बसून फुंकणीनं ओली लाकडं पेटवताना कुणी म्हटलं का, बायकांनी फुंकू नये? सनई वाजवणं काही ठरावीक समाजांकडेच असायचं, तिथेही वडिलांकडून मुलाकडे जायची, मुलीकडे नाही. आता बघा : दिल्लीच्या बागेश्वरी कमर बिस्मिल्ला खाँसाहेबांकडे शिकल्या आणि मंचावर सनई वाजवू लागल्या. पुण्यात गायकवाडांच्या सनईच्या घराण्यात नम्रता गायकवाड वाजवतात. देबोप्रिया आणि सुचिस्मिता चटर्जी या बहिणी मुंबईत हरिप्रसादजींकडे बासरी शिकल्या, दोघी मिळून मैफली करतात. दक्षिणेत तर सिक्किल भगिनी बासरीसाठी केव्हाच नावाजल्या. पेटीवर मुंबईच्या सीमा शिरोडकर नामवंतांना साथ करतात. यांची रेकॉर्डिंग मोबाईलवर लावून मी मंडळातल्या मुलींना दाखवते. नुसतं ऐकवत नाही, दाखवते. तोंड वाकडं दिसतंय का बघा म्हणते.

माझी एक मैत्रीण, तळवड्यात मेस चालवते, फटकळ आहे. म्हणाली, "पहाटे साडेचारला उठून पहिल्या पाळीचे साठ डबे भरायचे, त्यात तुझा भीमपलास कुठे कोंबू? आणि ही पोट भरलेल्यांची थेरं." तिला एकदम उत्तर देता आलं नाही. वेळेचं तिचं खरंच आहे. पण पोट भरलेल्यांचं म्हणशील तर काकूंचं घर एका पगारावर चालायचं. त्या कॅसेटी त्यांनी शिवणाच्या पैशांतून घेतल्या होत्या, सुनेनं सांगितलं. आणि सनई तर गरिबाच्याच घरातून आलेली. मेसवालीला मी आता एवढंच सांगितलंय की कणीक मळताना मालिकांची गाणी लावतेसच ना, त्यात आठवड्यातून एक दिवस पेटी लाव. लावते म्हणाली. लावते की नाही ते बघायला जाणार आहे.

मंडळात मात्र आम्ही दोन गोष्टी ठरवल्या, त्याही थोड्या भांडूनच. एक, महिन्यातून एकदा हरिपाठ झाल्यावर पाऊण तास फक्त वाद्य ऐकायचं. बोलायचं नाही, प्रसादाच्या द्रोणांचा आवाज नाही. पहिल्या खेपेला दोघी झोपल्या, एकीला सुनेचा फोन आला. दुसऱ्या खेपेला एक आजी म्हणाल्या, "यात मधे मधे तो बोलायला जागा देतोय." म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही, पण त्या पाऊण तास जाग्या होत्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमच्यात सत्तरीच्या पुढच्या तिघी आहेत. एक पेटी वाजवते, दोघी जात्यावरच्या ओव्या वेगवेगळ्या चालींत म्हणतात. त्यांचं सगळं मोबाईलवर उतरवायचं. पेटीजवळ फोन ठेवायचा, गाणाऱ्यांजवळ नाही. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलायची. आणि एका फोनवर ठेवायचं नाही, निदान तिघींच्या फोनवर, कारण फोन हरवतात, नातवंडं पुसतात. पेटीवाल्या आजींना विचारलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "माझं कशाला गं?" या खेपेला आम्ही हसलो नाही. फोन मांडून बसलो.

काकूंची जागा आता चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असलेली मुलगी चालवते. रात्रपाळी असली की तिला येता येत नाही, मग आम्ही सूर न धरताच गातो आणि फार बेसूर होतो. काकूंची ती चार मिनिटं भाच्यानं मोबाईलवर घेऊन दिली, तिला पाठवली. तिनं बसून बोटं शोधली. म्हणाली, काकूंची करंगळी फार मागे राहते, त्यामुळे एक सूर जरा उशिरा येतो, पण तो तसाच बरा वाटतो.

पिशवीतल्या बावीस कॅसेटी अजून ऐकायच्या आहेत. दोनांची टेप आत गुंतलीय, एकीवर दमटपणानं पांढरी बुरशी धरलीय. भाच्याचा टेप आता मधेच अडकतो. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर चालू टेपरेकॉर्डर असेल, आणि तो भंगारात काढायचा असेल, तर आधी आमच्या मंडळाला विचारा.