पडद्याआडचा फासा

नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येतो. 'गेम मास्टरचा शब्द अखेरचा' हे वचन आपल्याकडच्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इतक्या निमूटपणे स्वीकारावे, याचे नवल वाटते. रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, यावर हीच मंडळी परीक्षेत पाने भरून लिहितात. आणि रविवारी दुपारी कसबा पेठेतल्या एखाद्या वाड्याची माडी चढून गेल्यावर, पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसलेल्या एका जिवंत लेखकापुढे मान तुकवतात.

ज्या प्राध्यापकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अ‍ॅण्ड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्यातून खेळांची एक अख्खी जात निर्माण झाली. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचे एक पात्र. 'माझे पात्र आता असे करते' हे खेळाडू तोंडी सांगतो. उरलेले सगळे जग, म्हणजे शत्रू, द्वारपाल, पाऊस, बाजारभाव, हे एकटा गेम मास्टर चालवतो. कृती सफल झाली की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. मात्र किती दान पडले म्हणजे सफल, तो आकडाही बहुधा गेम मास्टरच ठरवतो. म्हणजे निवेदक तोच, प्रतिपक्ष तोच आणि न्यायाधीशही तोच. कादंबरीकाराकडेही इतकी सत्ता नसते, कारण कादंबरीतली पात्रे संध्याकाळी आपापल्या घरी जात नाहीत.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. कठीण खेळ आणि अन्यायी खेळ यांत फरक आहे. गायगॅक्सचेच 'टूम ऑफ हॉरर्स' हे प्रकरण १९७५ मध्ये एका स्पर्धेसाठी वापरले गेले आणि १९७८ मध्ये छापले गेले. त्यात पात्रे माश्यांसारखी मरतात. पण ते सापळे आधी लिहिलेले आहेत, ते कोणाच्याही पायाखाली सारखेच उघडतात. खेळाडू कोणत्या गावचा, कोणाचा मित्र, हे त्या खड्ड्याला ठाऊक नसते. अन्यायी गेम मास्टरचा खड्डा मात्र माणूस पाहून खोल होतो.

मी ज्या गटात खेळतो तिथले उदाहरण देतो. गटात यवतमाळकडून शिकायला आलेली एक मुलगी होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. तिचे पात्र गाणारे, बोलघेवडे, गोड बोलून काम साधणारे. नगराच्या वेशीवर तिने द्वारपालाला आपल्या बोलीत विनवले, "मी एवढ्या लांबून येऊन राहिली, दादा, दार उघड ना." फासा पडला सतरा. 'अठरा लागतात,' आडोशामागून उत्तर आले, आणि वर द्वारपालाच्या तोंडून तिच्या 'राहिली'ची नक्कल. त्यानंतर दुसऱ्या खेळाडूने तीच विनंती छापील मराठीत केली. दोन्ही पात्रांची त्या कौशल्यातली पात्रता कागदावर सारखीच होती. दान पडले बारा, आणि वेस उघडली. हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणता आले असते. पाच रविवार हेच चालले होते. राजदरबारात, सराईत, देवळात तिचे पात्र तोंड उघडे आणि आवश्यक आकडा वर सरके. सहाव्या रविवारी तिने त्या बोलक्या पात्राला मुके केले. 'माझे पात्र खुणा करते,' एवढेच ती म्हणू लागली.

प्रमाणभाषेच्या राजकारणावर चर्चासत्रे घेणाऱ्यांनी या एका वाक्यापाशी थोडे थांबावे, अशी विनंती आहे.

गेम मास्टरच्या समर्थकांचा बिनीचा युक्तिवाद निर्मितिस्वातंत्र्याचा. कथा त्याची, जग त्याचे; द्वारपाल उद्धट असला तर तो त्या जगाचा वास्तववाद. पण वास्तववाद म्हणवणाऱ्याने अठरा हा आकडा दान पडण्यापूर्वी उच्चारायला नको होता काय? आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही आख्यायिका या पेठेला लागूनच उभ्या असलेल्या शनिवारवाड्याची आहे. ती खरी असो वा नसो, हुकूम निघाल्यावर अक्षर बदलणे म्हणजे काय हे कसब्यात तरी कोणाला समजावून सांगावे लागू नये. या समर्थकांना आधारग्रंथही आहे. १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्सने गेम मास्टरला फाशाचा कौल डावलण्याचा पूर्ण अधिकार दिला. शिवाय त्रास देणाऱ्या खेळाडूचे काय करावे यावर उपाय सुचवला, तो असा की आकाशातून निळी वीज त्याच्या पात्राच्या डोक्यावर पाडावी! माणसाशी असलेले भांडण त्याच्या पात्राला मारून मिटवायचे. मूळ पुरुषाविषयी आदर बाळगूनही म्हणतो, ही शिकवण पन्नास वर्षे पुरून उरली. त्यातून बाहेर पडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये गेम मास्टर फासे टाकतच नाही, आणि त्याने काय करावे याची तत्त्वे पुस्तकातच लिहिलेली आहेत, सर्वांना वाचता येतील अशी. पण आमच्याकडे ते पुस्तक कोणी उघडत नाही.

आपल्याला या प्रश्नासाठी अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही. याच शहरातल्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यातले सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले, १९४४ साली. द्यूताचा प्रसंग तिथे पुन्हा वाचावा. आपण सगळा दोष शकुनीच्या फाशांवर ढकलतो, आणि ते सोयीचे आहे. पण पण लावणार दुर्योधन आणि खेळणार शकुनी, ही अट खेळाच्या तोंडाशी घुसवली जाते. एकासाठी दुसऱ्याने खेळणे विषम आहे असे युधिष्ठिर म्हणतोदेखील, आणि तरी बसतो. खेळ ज्याच्या छपराखाली चालला आहे तो धृतराष्ट्र यावर काही म्हणत नाही. मधूनमधून 'जिंकले का, जिंकले का' एवढेच विचारतो. द्रौपदीचा प्रश्न फाशांबद्दल नव्हताच. आधी स्वतःला हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो काय, हा नियमाचा प्रश्न होता, आणि तो तिने भर सभेला विचारला. भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेकडे बोट दाखवून मोकळे झाले. विकर्णाने स्पष्ट निर्णय सांगितला, तर कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प केले. अखेर अपशकुन झाल्यावर धृतराष्ट्राने काय दिले? वर. निर्णय नव्हे. प्रश्न तसाच अनुत्तरित राहिला, म्हणूनच काही पानांत पांडव पुन्हा त्याच पटावर बसलेले दिसतात.

हे इतके तपशिलाने सांगण्याचे कारण असे की आमच्या गेम मास्टरनेही सातव्या रविवारी वरच दिला. त्या मुलीच्या पात्राला अचानक एक मंतरलेली बासरी सापडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने विचारले, 'वेशीवर अठरा का लागले?' यावर उत्तर आले नाही. आले ते एवढेच, की बासरी नको असेल तर परत कर.

दुसरा युक्तिवाद शहाण्यांचा: पटत नसेल तर गट सोडावा, खेळच तर आहे. इंग्रजी पुस्तकांतूनही हाच सल्ला मिळतो. ज्या शहरात प्रत्येक गल्लीत दुसरा गट आहे तिथे तो ठीक असेल. आमच्या इथे माडी त्याची, महागडी पुस्तके त्याची, चहा त्याच्या आईच्या हातचा, आणि तो वयाने मोठा म्हणून सगळ्यांचा 'दादा'. वसतिगृहातल्या मुलीला शहरात ज्या पाच घरांत नावाने ओळखतात, त्यांतली चार याच टेबलाशी जोडलेली. तिने सोडावे म्हणजे नेमके काय काय सोडावे? आणि तिनेच का सोडावे?

भरताला हा प्रश्न सुटलेला होता. नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायात प्रयोगाविषयी वाद उपस्थित झाला तर निर्णय देणारे प्राश्निक सांगितले आहेत: यज्ञवेत्ता, नर्तक, छंदाचा जाणकार, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक. ज्याचा जो विषय त्यावर त्याचा शब्द. राजा आहे, पण दहांतला एक. शृंगाराच्या गोष्टीत वेश्येचे मत चालते, राजाचे नव्हे. मराठेशाहीतली गोतसभा आठवावी. वतनाचा तंटा गोतापुढे उघड चाले आणि निवाड्याच्या महजरावर हजर असलेल्यांच्या निशाण्या उठत. कुणब्याचा नांगर, सुताराचे हत्यार. गोतसभेत सर्वांना सारखी जागा होती असे भाबडे चित्र मला रंगवायचे नाही. बाईमाणसाला आणि गावकुसाबाहेरच्याला ती कितपत होती हे आपण जाणतो. पण गावच्या गोताचा भरवसा वाटत नसेल तर परस्थळी निवाडा मागण्याची सोय त्या व्यवस्थेत होती, आणि परस्थळ ही मला त्यातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. गेम मास्टरशी 'शांतपणे बोलून घ्या' असे सांगणारे हे विसरतात की ते बोलणे त्याच्याच माडीवर व्हायचे असते.

आम्ही आधी जागा बदलली. एका मित्राच्या घरी, तांबट आळीला लागून, जिथे दुपारी ठोक्यांचा आवाज सुरू झाला की द्वारपालाचे संवाद नीट ऐकू येत नाहीत. तिथे तीन गोष्टी ठरल्या, आणि त्या त्याच्यासमोर ठरल्या. आडोसा नाही, फासे मधोमध ठेवलेल्या तांब्याच्या ताम्हनात पडतील, त्याचेही. लागणारा आकडा दान टाकण्याआधी मोठ्याने सांगायचा. आणि पात्राच्या बोलण्यावर निर्णय देताना खेळाडूची बोली मोजायची नाही. तंटा झाल्यास ज्याला त्या विषयातले कळते त्याने सांगायचे. हा आपल्या कलेचा अपमान आहे असे तो म्हणाला. दोन रविवार आला, तिसऱ्या रविवारी आला नाही. त्याच्याबरोबर आणखी एक जण गेला, ज्याच्यासाठी बारावर वेस उघडली होती.

आता यवतमाळची ती मुलगी खेळ चालवते. तिचे द्वारपाल वऱ्हाडीत बोलतात आणि पुण्याच्या पाहुण्यांना पुन्हा पुन्हा विचारतात, 'काय म्हणून राहिले, समजलं नाही.' आकडा मात्र ती आधी सांगते. खेळ हळू चालतो हे खरे. गेल्या खेपेला पुलावरून उडी मारणे सोपे की अवघड यावर पाच प्राश्निकांचा पाऊण तास वाद झाला, आणि खालचा राक्षस तोवर तसाच तोंड उघडून उभा होता.