तंबूसाठी जागा राखणारी ग्रामपंचायत

फ्रान्समध्ये लोआर नदीच्या काठाने सायकलवर एकटी फिरून आले, रोज रात्री तंबूत झोपले, असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. "भीती नाही वाटली?" दुसरा, "खर्च किती आला?" तिसरा प्रश्न फक्त बायका विचारतात, तोही जरा हळू आवाजात. "आणि बाथरूमचं काय केलंस?"

मला तिसऱ्या प्रश्नावर लिहायचंय. पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

फ्रान्समध्ये आपल्या ग्रामपंचायतीसारखी सगळ्यात खालची स्थानिक संस्था म्हणजे कम्यून. देशात अशा सुमारे 35 हजार कम्यून आहेत आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी लोकसंख्या 500 च्या आत. आपल्या एखाद्या वाडीएवढंच गाव म्हणा ना. पण त्याला स्वतःचा महापौर असतो, स्वतःचं कार्यालय असतं आणि नदीकाठच्या पुष्कळ गावांना स्वतःचं तंबूचं मैदानही असतं. त्याला म्हणतात 'कॅम्पिंग म्युनिसिपाल'. हिरवळीचा एक तुकडा, चार झाडं, एक बैठी इमारत. त्या इमारतीत शौचालयं, गरम पाण्याची अंघोळ, भांडी घासायला सिंक, कपडे धुवायला जागा. संध्याकाळी गावचा कर्मचारी येतो, नाव लिहून घेतो, पैसे घेतो आणि पावती देतो. एक माणूस, एक तंबू, एक सायकल, मिळून मी बहुतेक ठिकाणी दहा-बारा युरो दिले. तिथे एवढ्यात हॉटेलातलं एक वेळचं जेवण होतं, फार तर.

खर्चाचं उत्तर इथे आलं. (विमान आणि व्हिसाचा खर्च वेगळा, तो काही कमी नाही. तिथवर जाणं सगळ्यांच्या खिशाला झेपणारं नाही, हे मान्यच.) भीतीचंही उत्तर इथेच आलं. रात्री दिवा असलेलं, कडी लागणारं, स्वच्छ शौचालय तंबूपासून पन्नास पावलांवर आहे, शेजारच्या तंबूत कुणाचे तरी आजी-आजोबा पत्ते खेळतायत, आणि आज इथे कोण मुक्कामाला आहे याची नोंद गावाकडे आहे. अशा ठिकाणी बाईला वेगळं धाडस करावं लागत नाही. आपल्याकडे एकट्या बाईच्या प्रवासाला "डेअरिंग" म्हणून कौतुकाची थाप मिळते, तेव्हा मला थोडा रागच येतो. पाणी, दिवा आणि कडी नसलेल्या रस्त्यावरून जायला डेअरिंग लागणारच की.

ही व्यवस्था आली कुठून? पर्यटन खात्याच्या जाहिरातीतून तर नक्की नाही. 1936 मध्ये फ्रान्समध्ये डाव्या पक्षांच्या आघाडीचं सरकार आलं, कामगारांचे प्रचंड संप झाले आणि त्यातून दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला. फुरसत आणि क्रीडा यांचा कारभार पाहणारे लेओ लाग्रांज नावाचे उपमंत्री होते. त्यांनी कामगारांना सुटीसाठी रेल्वे तिकिटात 40 टक्के सवलत मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात गिरणी-कारखान्यांतली माणसं सायकली, दोघांनी चालवायच्या टँडेम आणि तंबू घेऊन बाहेर पडली. कित्येकांनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. स्वस्त तंबू-मुक्कामाला तिथे मान आहे तो या इतिहासामुळे. कामगाराची सुटी हा हक्क ठरला, म्हणून त्याच्या मुक्कामाची सोय कुणीतरी करायला हवी होती. पुढे गावोगावच्या कम्यूनही त्यात उतरल्या.

आता रस्त्याबद्दल. नेव्हेरजवळच्या क्यूफी गावापासून अटलांटिक समुद्रापर्यंत सुमारे 900 किलोमीटरचा 'लोआर आ व्हेलो' हा सायकलमार्ग आहे. पूर थोपवायला शेकडो वर्षांपूर्वीपासून बांधत आणलेले मातीचे बंधारे, कालव्याकाठच्या जुन्या वाटा, शेतातले अरुंद डांबरी रस्ते, असं सगळं जोडून तो केलाय. म्हणजे बराचसा रस्ता आधीपासून होताच. त्यावर खुणेच्या पाट्या लावल्या आणि देखभाल कुणी करायची ते ठरवलं. ब्रिआर गावात तर कालवाच पुलावरून नदी ओलांडतो. 662 मीटर लांबीचा हा पोलादी पूल 1896 मध्ये सुरू झाला. मधे पाणी, त्यात होड्या, दोन्ही कडांना पायवाट, आणि खाली लोआर. सायकल हातात धरून सावकाश चालले. घाई करण्यासारखं काही नव्हतंच.

मोठ्या रस्त्यावर यावं लागलं तरी गावाबाहेर सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर ठेवायचं, गावात एक मीटर, असा कायदा आहे. सगळे पाळतात असं नाही, पण बहुतेक जण पाळतात. मागचा ट्रक हॉर्न न वाजवता थांबून राहतो, याची सवय व्हायला मला तीन दिवस लागले. दर वेळी वाटायचं, हा आता शिव्या घालणार.

सगळं छान छान आहे असंही नाही. गावं रिकामी होतायत. चौकात चर्च आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा स्तंभ आहे, आणि बेकरीच्या काचेवर 'विकणे आहे' चिकटवलंय, असं कितीदा तरी दिसलं. दुपारी बारा ते दोन दुकान बंद, सोमवारी बेकरी बंद, रविवारी दुपारनंतर तर चिटपाखरू नाही. पाणी संपलं तर कुठे जायचं? स्मशानात! फुलझाडांना पाणी घालायला तिथे जवळजवळ प्रत्येक गावात नळ असतो आणि सायकलवाल्यांना हे गुपित ठाऊक असतं. घरी फोनवर हे सांगितलं तर आई दोन मिनिटं काही बोललीच नाही.

शिवाय, हवं तिथे तंबू ठोकायला तिथेही मुभा नाही. समुद्रकिनारी मनाई, संरक्षित स्मारकापासून 500 मीटरच्या आत मनाई, पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवती 200 मीटर मनाई, आणि खासगी जागेत मालकाची परवानगी लागतेच. पण नियम कडक असले तरी शेजारी परवडणारी पर्यायी जागा आहे, म्हणून ते जाच वाटत नाहीत. आपल्याकडे 'येथे थांबू नये' ही पाटी असते. कुठे थांबावं, याची पाटी मी अजून शोधतेय.

आपल्या महाराष्ट्रात 28 हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. पैसा नाही हे खरं. पण पाहुणचार आपल्याला नवा नाही. आपला तालुका पालखी मार्गावरचा. आषाढीला हजारो माणसं एका रात्रीत गावात उतरतात, तेव्हा टँकर येतात, फिरती शौचालयं येतात, शाळेचे वर्ग उघडतात, घराघरांतून भाकरी येते. पालखी पुढे गेली की चार दिवसांत सगळं उचललं जातं आणि वर्षभर एसटी स्टँडवरच्या कुलूपबंद शौचालयासमोर बायका उभ्या! आणि ग्रामीण पर्यटन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पोहण्याचा तलाव, हुरडा पार्टी आणि माणशी दोन हजारांचं पॅकेज येतं. ज्याचं शेत आहे त्याने तो धंदा जरूर करावा. पण सायकलवरून जाणारी कॉलेजची मुलगी, पायी निघालेला वारकरी, यंत्राच्या पट्ट्यात हात गेलेल्या नातेवाइकाला भेटायला तालुक्याला आलेली बाई, यांना पॅकेज नको असतं. त्यांना एक रात्र हवी असते.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी लेखी विषय देतेय. बाजारतळाच्या मागची पडीक जागा, कालव्याच्या रस्त्याला लागूनच आहे. चार शौचालयं, दोन न्हाणीघरं, एक नळ, एक दिवा, रोज झाडलोट करायला पगारी माणूस, आणि मुक्कामाचे शंभर रुपये, पावतीसकट. "एवढ्यासाठी कोण येणार?" असं कुणीतरी विचारणारच. आधी वर्षभर चालवून बघा, मग वही उघडून मोजू. अर्जावर सह्या हव्यात, बायकांच्या जास्त. रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात बसतेय, या.